भागीरथीची गाठ, दाजींचा बर्फ

भागीरथीला कॅन्सर झाल्याची बातमी अख्ख्या कोळीवाड्याला कळली. फक्त भागीरथीला कळायची राहिली होती.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या आधी समाजाच्या हॉलसमोर एक लांबलचक गाडी येऊन उभी राहिली. बायकांच्या छातीचा फोटो काढणारी गाडी, मॅमोग्राफी म्हणतात ती. सगळं फुकट, वर राजगिऱ्याचा लाडू. पहिला तासभर एक बाई फिरकली नाही. मग एक धीट निघाली, आत जाऊन आली, आणि मशीन छाती कशी दाबतं ते तिने दोन तळहातांत एक पाव धरून मांडवात करून दाखवलं. त्याबरोबर जी रांग लागली ती पार रस्त्यापर्यंत.

भागीरथी रांगेत उभी राहिली ती लाडवासाठी, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं कारण तिने पोटातच ठेवलं होतं. उजव्या छातीत, वरच्या अंगाला, आतल्या बाजूने वर्षभर तिच्या बोटाला एक सुपारी लागत होती. दुखत नव्हती, पण वरची कातडी जराशी आत ओढल्यासारखी दिसायची. बर्फाचे खोके उचलून झालं असेल, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

फॉर्मवर व्हॉट्सॅपचा नंबर मागितला. भागीरथीचा फोन बटणांचा. त्यावर गिऱ्हाइकांचे फोन आणि दाजींच्या कुरकुरी याखेरीज काही येत नसे. तिने मंदाकिनीचा नंबर दिला. मंदाकिनी म्हणजे मच्छी विकणाऱ्या बायकांच्या मंडळाची सेक्रेटरी. तिला नंबर देणं म्हणजे देवळाच्या भोंग्यात तोंड घालून बोलणं, हे भागीरथीला चाळीस वर्षं माहीत होतं. पण माणूस घाईत असला की असा चुकतो.

आठवड्याने रिपोर्ट आला. इंग्रजीत. मंदाकिनीला इंग्रजी येत नाही, म्हणून तिने तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, 'कोनाला वाचता येतं का?' ग्रुपवर बासष्ट बायका. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी शिकलेल्या सुना. दुपारच्या जेवणापर्यंत अर्थ लागला, आणि जेवणं उरकेपर्यंत दोघीजणी भागीरथीची माजिवड्याची जागा कुणी घ्यायची यावरून आपसांत बोलेनाशाही झाल्या.

भागीरथी तेव्हा त्याच जागेवर बसून कुणाच्यातरी सुरमईचे तुकडे करत होती. माजिवड्याच्या नाक्यापासून जरा आत, टॉवरांच्या गेटासमोर तिची पाटी. तीस वर्षं तीच जागा. आधी समोर माळ होता, मग झाडं गेली, मग बत्तीस-बत्तीस मजले आले, भागीरथी तिथेच. गिऱ्हाइकाच्या दारचं कुत्रं कुठली मासळी खातं तेही तिला पाठ.

मंदाकिनी पदराने डोळे पुसत आली. रडणं खरं होतं, त्यात खोट काढायला नको. पण रडता रडता तिच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते असं :

"भागे, या जागेचं तू काय ठरवलंस गो?"

"कनाचं काय ठरवलं? मी कुठं चालले?"

मंदाकिनीने मोबाइल पुढे धरला. भागीरथीने कोयता खाली ठेवला, हात पुसले, आणि स्वतःच्या आजाराबद्दल आलेले एकोणचाळीस मेसेज मंदाकिनीकडून वाचून घेतले. हात जोडलेली बारा चित्रं होती. एकीने 'भावपूर्ण' एवढंच लिहून पुढचं पुसलं होतं.

"ही कोन?" भागीरथीने विचारलं. "हिच्याकडं माझ्या सुक्या बोंबलाचे पैसे राहिलेत. तिला सांग, मेले तरी मागायला येनार हाय."

गिऱ्हाइकाची सुरमई तिने नीट बांधून दिली. नंतर मात्र तिला बराच वेळ उठता येईना. हे मंदाकिनीने पाहिलं, आणि सांगायला हवं की हे एवढं मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

घरी तिच्याआधी बातमी पोचलेली. मुलगा जयेश ऐरोलीतलं काम अर्ध्यावर टाकून आला होता. नवरा दाजी दाराशी बसले होते. दाजींचं बारशाचं नाव आता त्यांनाही आठवत नाही. सगळा कोळीवाडा दाजी म्हणतो, बायकोही म्हणते. एके काळी खाडीत डोल जाळं लावणारा माणूस. खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं तेव्हा त्यांनी जाळं वर टांगलं ते टांगलंच. तेव्हापासून घर भागीरथीच्या पाटीवर चालतं, आणि दाजी तिचा बर्फ सांभाळतात. बर्फ किती, फोडायचा कसा, मासळीच्या वर किती, खाली किती, यात त्यांच्या तोडीचा माणूस नाही. तेवढंच राज्य उरलं होतं त्यांच्याकडे, म्हणून तिथे ते राजासारखे वागायचे.

"आई, तू टेन्शन घेऊ नको," जयेश म्हणाला. "तिथली गाठ आहे ना, ती दाखवून घेऊ."

"तिथली म्हंजे कुठली?"

जयेश जमिनीकडे बघायला लागला.

"नाव घे की. वर्षभर त्यावरच वाढलायस. तवा नाय लाजलास!"

सून वर्षाली आत स्वयंपाकघरात खुदकन हसली आणि मग तिथेच ओट्याशी रडली.

शनिवारी सकाळी माजिवड्याजवळच्या एका काचेच्या हॉस्पिटलात सगळे गेले. हॉस्पिटलचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तशी काच हल्ली हायवेला जागोजाग दिसते. तिथे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर ऋजुता म्हणून होत्या, पस्तिशीच्या. त्या बोलल्या भागीरथीशी. हे वेगळं सांगायचं कारण पुढे कळेल. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला आणि गाडीतला तो फोटो लावला. काळ्यावर पांढरा ठिपका, आणि त्याला चहूकडून बारीक बारीक काटे.

"शिंगाळ्यासारखं दिसतंय," भागीरथी म्हणाली. शिंगाळा मासा नीट नाही धरला तर हाताला काटा मारतो.

"हे काटे आहेत ना मावशी, तेच आम्हाला आवडत नाहीत. आणि सोनोग्राफीत गाठीच्या खाली ही काळी सावली पडतेय, तीही आवडत नाही. काखेत मात्र काही दिसत नाही, ते चांगलं. खोटं नाही सांगणार, असं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा कॅन्सरच निघतो."

"बहुतेक म्हंजे शंभरातले किती?"

"नव्वदच्या वर."

"आनि बाकीचे?"

डॉक्टर ऋजुतांनी स्क्रीनवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्यांना दिवसात वीस बायकांपैकी एकही विचारत नसावी. "बाकीच्यांत साध्या गाठी असतात. काही फार क्वचित दिसणाऱ्या, पण फोटोत कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतात. फोटोवरून आम्ही फक्त संशय घेऊ शकतो. खात्री करायची तर सुई घालून तुकडा काढायचा आणि तो मायक्रोस्कोपखाली बघायचा."

"मग काढा की. मासळी बाजारात मी पन कल्ला उचलून बगितल्याबिगर हात लावत नाय."

सुई म्हणजे बंदुकीसारखं यंत्र होतं. आधी बधिर केलं, मग पाच वेळा टक् टक् वाजलं. शेवयांसारखे पाच बारीक धागे निघाले. ते एका छोट्या बाटलीत, पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात बुडाले. बाटली डोंबिवलीला मानपाड्याच्या एका लॅबमध्ये पोचवायची होती. वर्षालीचा चुलतभाऊ हितेश तिथे हिशेब लिहायला होता, त्याच्या ओळखीने ते ठरलं होतं. जयेशला कामावर परतायचं होतं. बाटली दाजींच्या हातात आली.

आता दाजींचं जे झालं ते सांगायला हवं, आणि हसू आवरून सांगायला हवं.

दाजी मानपाड्याला पोचले तेव्हा लॅबचं शटर खाली होतं. शनिवार, अर्धा दिवस. वॉचमन म्हणाला, सोमवारी या. दाजी बाटली घेऊन परत घरी. दारात बसून त्यांनी ती उजेडात धरली. धागे तरंगत होते. बायकोच्या अंगाचे तुकडे. नीट आहेत ना, एवढंच बघावं म्हणून त्यांनी झाकण उघडलं, आणि नाकात तो वास गेला.

तो वास दाजी ओळखत होते. मध्यंतरी व्हॉट्सॅपवर बोंब उठली होती की बाजारातली मासळी टिकावी म्हणून तिला फॉर्मेलिन लावतात, मुडदे टिकवायला वापरतात ते. भागीरथीच्या पाटीसमोर टॉवरातल्या बायका कागदाच्या पट्ट्या घेऊन उभ्या राहायच्या आणि पापलेटाला चोळायच्या. तीस वर्षांची गिऱ्हाइकं. "मावशी, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण मुलं लहान आहेत ना," असं म्हणून चोळायच्या. एक पट्टी कधी रंगली नाही, पण दीड महिना धंदा बसला तो बसलाच. तेव्हा मंडळाने एका माणसाला बोलावून सगळ्यांना त्या औषधाचा वास दिला होता, म्हणजे घाऊक बाजारात कुणी तसला माल गळ्यात मारू नये. दाजींनी तो वास जन्माचा लक्षात ठेवला होता.

आणि आता तेच औषध भागीरथीच्या मांसाला.

दाजींनी कुणाला विचारलं नाही. मागच्या गटारात बाटली रिकामी केली. धागे स्वच्छ पाण्याने तीनदा धुतले, कोळंबी धुतात तसे. बाटलीत ताजं पाणी भरलं, आणि बाटली बर्फाच्या पेटीत, खाली चार बोटं बर्फ, वर चार बोटं, अशी निजवली. शनिवारची दुपार ते सोमवारची सकाळ. मध्ये रविवारी दोनदा उठून बर्फ बदलला. इतक्या मायेने कुणी कुणाची वाट लावली नसेल.

सोमवारी लॅबमधल्या पोराने बाटली न बघताच शिक्का मारला. पाच दिवसांनी रिपोर्ट आला. जयेशने ठळक अक्षरांतली ओळ वाचली : निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. त्या त्याने वाचल्या नाहीत, आणि पुढच्या सोमवारी त्याच काचेच्या हॉस्पिटलातल्या सर्जननेही वाचल्या नाहीत.

सर्जन चाळिशीचा, केसांना तेल नाही पण बोटांत तीन अंगठ्या. त्याने फोटो बघितला, भागीरथीला तपासलं, आणि जयेशकडे तोंड करून म्हणाला, "आजींना जरा बाहेर बसवता का?"

"आजी कोनाची?" भागीरथी सत्तावन्न वर्षांची. "डॉक्टर, तुमच्यात माझ्यात फार तर पंधरा पावसाळं असतील."

सर्जन हसला, पण तिला बाहेर बसवलंच. आत इंग्रजीत बोलणं झालं. दहा मिनिटांनी जयेश बाहेर आला तो हातात कागद घेऊन.

"गुरुवारी ऑपरेशन. या नाही, पुढच्या गुरुवारी. मार्गशीर्षातला गुरुवार आहे, त्या दिवशी नाहीतरी तुझा धंदा नसतो."

ते खरं होतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी टॉवरातल्या बायका घट मांडतात आणि मासळीवाल्यांकडे बघत नाहीत. पोराने आईचा धंदा बुडू नये म्हणून तारीख शोधली होती. भागीरथीला तेव्हा ते गोडच वाटलं.

"गाठ काढतील ना?"

"हो, काढतील," जयेश म्हणाला. एवढं बोलून तो रिक्षा बघायला गेला.

मंगळवारी दुपारी भागीरथी पाटीवरून आली, तेव्हा वर्षाली फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तोंड उतरलेलं. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, सासूशी कधी वर आवाजात न बोललेली पोर.

"आई, तुम्हाला काय सांगितलंय यांनी? गुरुवारी काय काढणार?"

"सुपारी."

वर्षालीने कागद वाचला. संमतीपत्र मराठीतच होतं. ते मराठीत असूनही घरात कुणी मोठ्याने वाचलं नव्हतं. "'माझ्या रुग्णाचा उजवा स्तन पूर्णपणे काढून टाकण्यास माझी संमती आहे.' खाली सही..." तिने बोट ठेवलं. "जयेशची."

भागीरथीने कागद तिच्या हातातून घेऊन आपल्यापाशी ठेवला.

भागीरथी ओरडली नाही. जयेश संध्याकाळी घरात शिरला तेव्हा चपलाही काढू दिल्या नाहीत.

"छाती कोनाची रं?"

"आई, ऐक ना..."

"माझी का तुझी?"

"तुझी."

"मग सही तुझी कशी? घराचा कागद केला तवा दाजींची सही पन घेतलीस आनि माझी पन घेतलीस. बँकेत आंगठा चालत नाय म्हनून मी पन्नासाव्या वर्षी सही शिकले. ती कनाला शिकले? नळाच्या फॉर्मवर करायला?"

"आई, डॉक्टर बोलले, तुला सांगितलं तर तू खचशील. फोटो बघून ते बोलले, शंभर टक्के तेच आहे. वेळ घालवू नका. मी घाबरलेलो गं. काय करू मी?"

"फोटो बघून!" भागीरथीचा आवाज आता चढला. शेजारची खिडकी उघडल्याचं ऐकू आलं, मंदाकिनीचीच ती. "त्या बाय डॉक्टरनं माझ्या तोंडावर सांगितलं, फोटो नुसता संशय घेतो. पाच तुकडे काढले माझे, काय निघालं त्यात? काय नाय. कायच कळलं नाय तर यांना कळलं कुठनं? पाच किलोचा घोळ मासा नुसता लांबून बगून कोन घेतं का? आनि माझं निम्मं अंग हे लांबून बगून घेनार? असंल कॅन्सर तर कापा. मीच मांडून देते, कापा. पन मना आधी दाखवा तो."

"आता परत सुई म्हणजे अजून दहा दिवस..."

"वर्षभर होती ती सुपारी. दहा दिवसांत काय झाड उगवनार हाय?"

आणि मग खिडकीकडे तोंड करून : "मंदाकिने, ऐकलंस ना? टाक ग्रुपवर. गुरुवार रद्द."

दुसऱ्या दिवशी भागीरथी, वर्षाली आणि दाजी डॉक्टर ऋजुतांपुढे बसले. दाजींना कुणी बोलावलं नव्हतं, पण बायको एकटी गेली तर कोळीवाड्यात तोंड कुठे दाखवणार, म्हणून आले. डॉक्टरांनी रिपोर्ट वरून खालपर्यंत वाचला. बारीक अक्षरांपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे काय? 'नमुना फॉर्मेलिनशिवाय, साध्या पाण्यात, बर्फासारखा गार मिळाला. पेशी खराब झाल्याने निदान शक्य नाही.' मी तर माझ्या हाताने फॉर्मेलिनमध्ये घातला होता. बाटली नेली कुणी?"

दाजी पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"दाजी," भागीरथी म्हणाली.

"काय?"

"बाटली तुमी नेली."

"नेली तर. पोचवली."

"बर्फ कोनी घातला?"

दाजींनी पंखा सोडला. साठी उलटलेला माणूस, पण उभे राहिले ते शाळेतल्या पोरासारखे, आणि बोलले मात्र भांडायला उठल्यासारखे. "घातला! मी घातला! त्या औषधात बुडवून ठेवलं होतं हिला. मुडद्याच्या औषधात! चाळीस वर्षं आमी पापलेटाला कवा ते लावलं नाय, सुक्या बोंबलाला लावलं नाय, आनि बायकोला लावू? तीन पान्यांत धुतलं. दोन दिवस बर्फ बदलला. कुसलं असंल तर माझं नाव लावू नका."

डॉक्टर ऋजुतांनी तोंडावर हात धरला. त्या हसतायत की चिडल्यात ते कळेना, बहुधा दोन्ही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मासळी खायची असते, म्हणून बर्फ. हे खायचं नसतं. हे पेशी आहेत तशा धरून ठेवायला असतं. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, बर्फाने त्या वाचत नाहीत."

दाजी खाली बसले. त्यांच्या डोक्यात काहीतरी उलगडत गेलं असावं, कारण त्यांचा रंग उतरत गेला. "म्हंजे... माझ्यामुळं गुरुवार लागला?"

भागीरथीच्या जिभेवर जे आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते तिने गिळलं. दाजींकडे बघून तिचा अर्धा राग ओसरला, आणि उरलेला सगळाच्या सगळा जिथे जायला हवा होता तिकडे वळला.

"तुमच्यामुळं रिपोर्ट गेला. ते घरी गेल्यावर बगते. गुरुवार लावला त्या अंगठ्यावाल्यानं. हे बारीक अक्षर त्याच्या टेबलावर होतं ना? त्याला चष्मा नाय का?"

घरी गेल्यावर दाजींना रात्रीच्या जेवणात सलग चार दिवस दुधी मिळाला, एवढीच शिक्षा झाली. वरवर साधी वाटते, दाजींना विचारा.

सुई पुन्हा त्याच दिवशी झाली. पुन्हा टक् टक्, पुन्हा पाच धागे. या वेळी भागीरथीने झाकण स्वतः घट्ट लावलं, बाटली रुमालात गुंडाळली आणि पोटाशी धरून मानपाड्याला गेली. दाजी शेजारी बसून होते, नाकाला उपरणं लावून. काउंटरवर तिने बाटली पुढे केली, पण सोडली नाही.

"आधी बग. आत काय हाय ते वाच. मग शिक्का मार."

पोराने वाचलं, मग शिक्का मारला.

आठ दिवसांनी रिपोर्ट येणार होता. नवव्या दिवशी फोन आला की आणखी एक खास रंग लावून बघायचाय, थांबा. त्या थांबण्यात काय काय झालं नाही! मंदाकिनीने साईबाबांना नवस बोलला आणि तो फुकट जाऊ नये म्हणून भागीरथीला रोज एक काढा आणून पाजला. जयेश रोज एकदा म्हणायचा, "आपण उशीर तर करत नाही ना?" आणि रोज एकदा वर्षालीच्या डोळ्यांकडे बघून गप्प बसायचा. भागीरथी पाटीवर जात राहिली. फक्त त्या गुरुवारी, धंदा नसताना, ती सकाळी तिथे जाऊन रिकामी बसली. आज मी त्या टेबलावर असते, असं ती कुणाला म्हणाली नाही. तासभर बसली, कोयत्याला धार लावली, घरी आली.

मग डॉक्टर ऋजुतांनीच सगळ्यांना बोलावलं. हातात कागद होता, पण त्यांनी तो बाजूला ठेवला.

"मावशी, कॅन्सर नाही."

भागीरथीने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"हिला ग्रॅन्युलर सेल ट्यूमर म्हणतात. अंगात नसा असतात ना, त्या नसांवरच्या आवरणाच्या पेशींची गाठ. साधी असते, पण आजूबाजूला बोटं रोवून बसते, म्हणून फोटोत काटे दिसतात आणि वरची कातडी ओढली जाते. छातीत फार क्वचित सापडते. मी माझ्या नोकरीत ही दुसरी बघतेय. त्या खास रंगानेच तिची ओळख पटली. तेवढी गाठ, भोवतीच्या थोड्या कडेसकट काढायची. छाती तशीच राहील. वर्षातून एकदा तपासायला यायचं."

दाजी उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. जयेश भिंतीकडे तोंड करून उभा होता; त्याच्या पाठीवर वर्षालीने हात ठेवला होता.

भागीरथी म्हणाली, "आनि गुरुवारी काढली असती तर?"

"तर नंतर तपासणीत हेच निघालं असतं. पण..."

"पन छाती बादलीत असती."

डॉक्टरांनी मान हलवली. 'नाही' म्हणणारी ती मान नव्हती.

गाठ निघाली. तोच सर्जन होता, कारण दुसरा शोधायला भागीरथीला वेळ नव्हता. पण सही तिने स्वतः केली, कागद मोठ्याने वाचून घेतल्यावर, 'पूर्णपणे' हा शब्द कुठे नाही ना ते वर्षालीकडून दोनदा तपासून. टाके काढायच्या दिवशी सर्जन अगदी खुशीत होता. त्याच्या हातात एक छापील फॉर्म होता.

"आजी... म्हणजे, मावशी. तुमची केस फार दुर्मीळ आहे. मी आणि डॉक्टर ऋजुता मिळून डॉक्टरांच्या एका नियतकालिकाच्या अंकात ती लिहिणार आहोत. फोटो छापू, तुमचं नाव नाही. इथे सही लागेल. नशीबवान आहात तुम्ही."

"नशीब कसलं? मी इचारलं म्हनून." भागीरथीने फॉर्म वर्षालीकडे दिला. "वाच गो." वर्षालीने वाचला. मग भागीरथीने विचारलं, "यात काय काय लिहिनार?"

"फोटो कसा दिसला, सोनोग्राफी, बायोप्सी, निदान. कॅन्सरसारखी दिसणारी साधी गाठ, तुकडा तपासूनच ठरवा, असा त्यातून बाकीच्या डॉक्टरांना धडा."

"ह्यो धडा तुमी शिकवनार?"

सर्जनने पेन तिच्यापुढे सरकवलं. मागे उभ्या डॉक्टर ऋजुता खिडकीबाहेर हायवेकडे बघायला लागल्या.

"सही देते," भागीरथी म्हणाली. "पन मग सगळं लिहायचं. फोटोवर गुरुवारची तारीख लावली होती, ते लिहायचं. बाईला बाहेर बसवून पोराची सही घेतली, ते लिहायचं. बारीक अक्षरं कोनी वाचली नाय, ते पन."

"मावशी, असं काही अंकात लिहीत नाहीत."

"म्हनून तर परत परत होतं."

तिने पेन टेबलावर ठेवलं, पण फॉर्मवरचा हात काढला नाही. शेवटी डॉक्टर ऋजुता वळल्या आणि पेन उचलून त्यांनी फॉर्मच्या मोकळ्या जागेत लिहिलं, एकेक शब्द मोठ्याने म्हणत : आधी फक्त फोटोवरून पूर्ण छाती काढण्याची तारीख ठरली होती, संमती मुलाची घेतली होती, लॅबची बारीक टीप वाचली गेली नव्हती, रुग्णाने स्वतः नकार दिला म्हणून तारीख रद्द झाली आणि दुसऱ्या बायोप्सीत निदान झालं. खाली त्यांनी आपली सही केली आणि फॉर्म सर्जनपुढे सरकवला. सर्जनने अंगठी फिरवली, एकदा, दोनदा. मग केली सही.

"पहिल्या बायोप्सीचं काय झालं ते पन लिहा," भागीरथी म्हणाली.

"अगं, ते कनाला?" दाजी दारातून एकदम पुढे आले. "बर्फाचं कनाला लिहायचं? साऱ्या डॉक्टरांत माझी शोभा!"

"नाव नाय छापत, ऐकलं ना? बर्फाचं पयलं लिहा, बाय. उद्या दुसऱ्या कुठल्या कोळ्यानं बायकोला पेटीत घालू नये."

मग तिने चष्मा लावला, आणि पन्नासाव्या वर्षी शिकलेली ती सही, पाटीच्या काठासारखी जाड आणि जराशी तिरकी, कुणालाही घाई करू न देता, सावकाश केली.